उंबऱ्याशी थांबलेला कवडसा

हिवराळे गुरुजी आमच्या गावी बदलून आले तेव्हा त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी, एक कंदील आणि दोरीनं बांधलेली सतरंजी होती. आमचं गाव जळगाव जामोदच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. मोटार सडकेवर सोडून निघून जायची आणि तिथून पुढं पांदणीनं पायी यावं लागायचं. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शाळा नव्यानंच जिल्हा परिषदेकडं आली होती. चार वर्ग, एक लांब खोली, डोक्यावर टिनाचं छप्पर आणि सगळ्यांना मिळून एकच मास्तर. मी तेव्हा चौथीत होतो.

येत्या मे महिन्यात मी सहकारी बँकेतून निवृत्त होतो आहे. माझं शिक्षण वाणिज्य शाखेचं. सूर्य, तारे यांच्याशी माझा संबंध आला तो त्या एका हिवाळ्यापुरता. पण डिसेंबर लागला की गुरुजींची आठवण येते, आणि ती आता कुठंतरी लिहून ठेवावी असं वाटतं.

त्यांचं पूर्ण नाव भाऊराव हिवराळे. मेहकर तालुक्यातले, हिवरा आश्रमाच्या बाजूचे. उंच, किडकिडीत, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला सदरा. आवाज इतका हळू की शेवटच्या रांगेतल्या पोरांना गप्प बसावंच लागे. ते बौद्ध होते. ओढ्यापलीकडं बौद्धांची पाच-सहा घरं होती, पण ती एकेका खोलीची, आणि त्यांत घरच्याच माणसांना पाय पसरायला जागा नव्हती. गावात गुरुजींना खोली मिळाली नाही. नाही असंही कुणी तोंडावर म्हटलं नाही. एकाकडं जावई राहायला येणार होता, दुसऱ्याची खोली गळत होती, तिसऱ्याला भावाला विचारायचं होतं आणि भाऊ बऱ्हाणपूरला होता.

शाळेच्या उत्तरेच्या भिंतीला लागून सामानाची एक लहान खोली होती. मोडकी बाकं, नकाशे, पंधरा ऑगस्टच्या पताका. ते सगळं बाजूला सारून गुरुजींनी तिथं सतरंजी अंथरली. चार दिवसांची सोय म्हणून राहिले ते राहिलेच. त्या खोलीला एकच दार होतं आणि ते वर्गात उघडायचं. सकाळी आम्ही आलो की गुरुजी त्या दारातून वर्गात येत आणि संध्याकाळी आम्ही गेलो की त्याच दारानं आत जात.

त्यांची बायको पंचफुलाबाई आणि पाच-साडेपाच वर्षांची मुलगी बेबी, दोघी हिवऱ्याकडं घरीच होत्या. पंचफुलाबाई एकदा येऊन ती खोली पाहून गेल्या. शाळा भरलेली असताना बाईमाणसानं आत कोंडून बसायचं, आणि बाहेर पडायचं तर पन्नास पोरांमधून वाट काढत, हे त्यांना मानवलं नाही. जाताना एवढंच म्हणाल्या की रस्त्याकडं दार उघडणारी खोली मिळाली की सांगा, मी दुसऱ्या दिवशी येते. बेबीला जूनमध्ये शाळेत घालायचं होतं. गुरुजींच्या मनात होतं की तिनं त्यांच्याच शाळेत पहिल्या रांगेत बसावं. हे ते आम्हाला सांगत नसत, पण पहिलीच्या पोरांसाठी नवीन पाट्या आल्या तेव्हा त्यांतली एक त्यांनी आतल्या खोलीत खुंटीला टांगून ठेवली होती, ती आम्ही सगळ्यांनी पाहिली होती.

शाळा सुटली तरी गुरुजी आम्हाला लगेच सोडत नसत. एक पाढा जास्तीचा, म्हणत. मग पाऊणकी, मग दिडकी. आम्हाला वाटायचं, मास्तर फार कडक आहेत. अंधार पडू लागला की मगच म्हणत, जा आता, घरी वाट बघत असतील.

गावात मोठी शेती पंजाबराव पाटलांची. माणूस दिलदार. त्यांची विमल तिसरीत होती. आदल्या वर्षापर्यंत तिला अक्षर ओळखता येत नव्हतं, ती आता आजीला पोथी वाचून दाखवू लागली, तेव्हा पाटलांनी आपण होऊन गुरुजींना सांगितलं की गोठ्याला लागून माझी एक खोली आहे, दार सडकेकडं आहे, संक्रांत झाली की तुम्हाला देतो. त्यांच्या आईचा, मनकर्णाबाईंचा, आधी विरोध होता. घरात त्यांचाच शब्द चाले. पण नातीच्या पोथीवाचनानं त्या थोड्या नरमल्या होत्या. गुरुजींनी हिवऱ्याला निरोप धाडला. पंचफुलाबाईंनी संक्रांतीनंतर बेबीला घेऊन खोली बघायला यायचं ठरलं. आमच्या लक्षात आलं ते इतकंच की त्या दिवसांत जास्तीचा पाढा बंद झाला.

त्याच दिवसांत भूगोलाचा तो धडा आला. बावीस डिसेंबर हा वर्षातला सर्वांत लहान दिवस, त्यानंतर सूर्य उत्तरेकडं वळतो. आम्ही ते वाक्य पाटीवर लिहून मोकळे झालो. गुरुजी म्हणाले, पुस्तकात आहे म्हणून लिहिलंत, आता खरं आहे का बघू या.

छपराच्या टिनाला एका खिळ्याचं भोक राहिलं होतं. पावसाळ्यात तिथून पाणी ठिबकायचं म्हणून खाली डबा ठेवावा लागे. हिवाळ्यात त्याच भोकातून उन्हाचा एक कवडसा वर्गात उतरायचा, अंड्याच्या आकाराचा, रुपयापेक्षा थोडा मोठा. सकाळी तो पश्चिमेच्या भिंतीवर दिसे आणि संध्याकाळपर्यंत भुईवरून सरकत पूर्वेकडं निघून जाई. गुरुजींनी ध्रुवताऱ्याच्या अंदाजानं भुईवर दक्षिणोत्तर एक रेघ मारली. कवडसा त्या रेघेवर आला की भर दुपार. त्या वेळी ज्याची पाळी असेल त्या पोरानं काडीनं चुन्याचा एक ठिपका द्यायचा.

त्या एका क्षणासाठी चारही वर्ग थांबत. पहिलीची पोरं पाटी खाली ठेवत, आमची गणितं अर्धी राहत. कुणीतरी दबक्या आवाजात म्हणे, "लागला." ठिपका दिला की गुरुजी मान हलवत आणि पुन्हा कामाला लावत. सुटीच्या दिवशी ठिपका ते स्वतः देत. दर शनिवारी मुली शाळा शेणानं सारवायच्या, तेव्हा ती रेघेची पट्टी तेवढी सोडून सारवायची असा नियम झाला. त्यामुळं भुईच्या मधोमध एक खडबडीत, पोपडे आलेला पट्टा दिसू लागला.

सूर्य जसजसा दक्षिणेकडं झुकत होता तसतसा कवडसा उत्तरेला, म्हणजे गुरुजींच्या खोलीच्या दाराकडं, सरकत चालला होता. ठिपक्यांची रांग उंबऱ्याच्या दिशेनं वाढत होती. एका पोरानं विचारलं, गुर्जी, हा तुमच्या घरात येते काय? गुरुजी म्हणाले, बघू, आला तर बरंच आहे.

आला नाही. उंबरा हातभर राहिला असताना कवडसा थबकला. रोजचा ठिपका आदल्या दिवसाच्याच ठिपक्यावर पडू लागला. आम्ही कंटाळलो. गुरुजी मात्र खूश होते. त्यांनी विचारलं, वखराचा बैल शेतात तासाच्या टोकाला गेला की काय करतो? आम्ही म्हणालो, थांबते, मंग फिरते. "तसंच हे," ते म्हणाले. "वळायच्या आधी थांबावं लागतं." आणि मग नाताळच्या सुटीनंतर एका दुपारी ठिपका आधीच्या ठिपक्यांच्या मागं, वर्गाच्या बाजूला पडला. बैल फिरला होता. आम्ही तो सगळा आठवडा जो भेटेल त्याला सांगत सुटलो.

घोटाळा तिथंच झाला.

विमलनं रात्री जेवताना आजीला सांगितलं की सूर्य तर कधीचाच वळला, आपली संक्रांत मागून येते. आमच्याकडं म्हणतात की संक्रांतीला सूर्य वळतो आणि मग दिवस तिळातिळानं वाढतो. मनकर्णाबाईंनी साठ वर्षं त्या दिवशी सुगडं पुजली होती. विमलचं बोलणं पाटलांच्या घरातून विहिरीवर गेलं, विहिरीवरून पारावर, आणि पारावर पोचेपर्यंत त्याचं असं झालं की मास्तर पोरांना संक्रांत खोटी आहे असं शिकवतो.

पंजाबराव पाटील दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी आले. आम्ही दोघं-तिघं फळा पुसत होतो. पाटील बाकावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मास्तर, मायचं डोकं फिरलं हाय. म्हणते, त्यानं धरम बदलला त्याचं मले काई नाई, पण आता सूर्यबी बदलून राह्यला काय?"

गुरुजी हसले. पाटीलही हसले.

गुरुजी म्हणाले, "मी संक्रांत खोटी म्हटली नाही, पाटील."

"मले ठाऊक हाय. पोट्टे हायेत, काईचं काई सांगतात. तुमी येवढंच करा. उद्या वर्गात सांगून द्या का सूर्य संक्रांतीले फिरते. विमली घरी सांगन, मायच्या कानावर जाईन, झालं. खोलीची किल्ली घेऊन जा."

पाटलांनी पुन्हा समजावलं की दोन शब्दांचं काम आहे, कुणाचं काही जात नाही, आणि पोरांना मोठं झाल्यावर काय ते कळतंच. मग गुरुजींनी भुईवरचे ठिपके दाखवले आणि म्हणाले, आजींना एकदा दुपारी घेऊन या. त्यांनी स्वतः बघावं. ठिपके पोरांनीच दिले आहेत, त्यांत तुमच्या विमलचेही आहेत.

पाटलांना ते पटलं की नाही सांगता येत नाही. आई आयुष्यात शाळेची पायरी चढली नव्हती. पण भोगीच्या दुपारी आणतो म्हणाले, आणि टोपी घालून निघून गेले.

भोगीला सात-आठ दिवस होते. त्या दिवसांत गुरुजी पहाटे घोंगडी पांघरून गावाबाहेरच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे दिसू लागले. शेतावर जाणारी माणसं हसत, मास्तर सूर्याची हजेरी घेते म्हणत. कारण असं होतं की मनकर्णाबाईंनी पाटलांच्या हाती एक सवाल पाठवला होता. सूर्य वळला असेल तर तो सकाळी लवकर का निघत नाही? त्या रोज पहाटे दळायला बसत, आणि त्यांचं म्हणणं, जात्यावरचं दळण सरलं तरी अजून झुंजुमुंजूच असतं.

गुरुजींनी पाहिलं ते आम्हाला वर्गात सांगितलं. सकाळ खरंच अजून उशिरानं होते आहे. संध्याकाळ मात्र लांबली आहे. असं का, ते त्यांना पुस्तकात सापडलं नाही. आम्हाला जरा चुकल्यासारखं वाटलं. मास्तरला एखादी गोष्ट माहीत नसते हे आम्ही प्रथमच ऐकत होतो.

आता सोजराबद्दल सांगायला हवं. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली ही मुलगी चौथीत माझ्या मागं बसायची. शनिवारच्या सारवणात ती पुढारी. तिचा हात असा होता की सारवलेल्या भुईवर बोटांचे अर्धगोल एकाला एक जुळून यायचे, जसं काही मोराचं पीस पसरलं आहे. मनकर्णाबाई सारवणाला नावं ठेवण्यात साऱ्या गावात प्रसिद्ध होत्या. लग्नाच्या घरी गेल्या तरी आधी भुईकडं बघत. पाटलांची आजी शाळेत येणार, तिनं गुर्जीच्या शाळेची भुई वंगाळ म्हटली तर खोली जाईल, असं सोजराच्या मनानं घेतलं. कवडसा तर फिरला, आता त्या खडबडीत पट्ट्याचं काम सरलं असंही तिला वाटलं. भोगीच्या दिवशी सकाळी ती आणि विमल दोघीच लवकर आल्या. विमलनं गोठ्यातून टोपलंभर शेण आणलं. गुरुजी ओढ्यावर आंघोळीला गेले होते.

ते परत आले तेव्हा आम्ही काही जण दारात उभे होतो. सगळी शाळा हिरवीगार, ओली, एका हातानं सारवलेली. मधला खडबडीत पट्टासुद्धा. आणि जिथं रेघ होती, जिथं महिनाभराचे ठिपके होते, तिथं दोघींनी ठिपक्यांची रांगोळी काढली होती. उंबऱ्यापर्यंत.

सोजरानं हात पाठीमागं धरून विचारलं, "चांगलं झालं ना, गुर्जी?"

गुरुजींच्या हातात ओलं धोतर होतं. ते रांगोळीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "चांगलं झालं. पाय धुऊन या सगळे."

दुपारी मनकर्णाबाई आल्या. धुतलेलं लुगडं, हातात काठी, पाटील मागून. त्यांनी दारातच थांबून भुईवर नजर फिरवली आणि मान हलवली. सारवण कुणाचं म्हणून विचारलं. विमलनं सोजराकडं बोट दाखवलं. म्हातारी तिच्याकडं बघून पुन्हा भुईकडं बघू लागली. तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. ती बसली नाही.

गुरुजींनी अंदाजानं पुन्हा रेघ मारून ठेवली होती. कवडसा आला, रांगोळीवरून सरकला, रेघेवर आला. सवयीनं कुणीतरी म्हणालं, "लागला." भुईवर उन्हाचा एक ठिपका होता. बाकी काही नव्हतं.

गुरुजींनी सांगितलं की महिन्यामागं हा इथं होता, मग सरकत सरकत उंबऱ्याच्या अलीकडं हातभरावर गेला, तिथं थांबला, आणि आता वीतभर परत आला आहे.

म्हातारीनं विचारलं, "खूण कुठी हाय?"

तेव्हा सोजराला कळलं. गुरुजी म्हणाले, खुणा होत्या, आज सारवताना गेल्या. आम्ही पोरं एकदम उठलो आणि ठिपका कुठं होता ते दाखवायला धावलो. एकानं उंबऱ्यालगत बोट ठेवलं, एकानं दोन हात अलीकडं. माझं बोट तिसरीकडंच होतं. महिनाभर रोज पाहिलेली जागा, पण दोघांचं एक मत होईना. पाटील ओशाळून छपराकडं पाहू लागले.

मनकर्णाबाई रागावल्या नव्हत्या. काठी भुईला न लागेल अशी बेतानं वर धरून त्या म्हणाल्या, "मी काई भांडाले नाई आली, मास्तर. साठ वर्सं पहाटीच उठून राह्यली मी. सूर्य आजबी उशिराच निंघते."

"सकाळचं तुमचं खरं आहे, आजी. मी आठ दिवस उठून पाहिलं. सकाळ उशिरानंच होते. ते कशानं, मला माहीत नाही."

"माहीत नाई तं शिकवतं काऊन?"

"जेवढं पाहिलं तेवढं शिकवतो."

पाटील मधे पडले. म्हणाले, जाऊ द्या, खुणाबी गेल्या, आता भांडण कशाचं. गुरुजींच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं करून त्यांनी आम्हा पोरांकडं मान वळवली. "सांगून टाका पोराईले, मास्तर. सूर्य कवा फिरते?"

किल्ली पाटलांच्या खिशात होती. तिच्या दोरीचं टोक बाहेर दिसत होतं. पाटी आतल्या खोलीत खुंटीला होती, आणि आतल्या खोलीचं दार उघडं होतं.

गुरुजी आमच्याकडं बघून नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाले, "बावीस डिसेंबर. आपण पाहिलं आहे."

कवडसा रेघ ओलांडून पुढं गेला होता. मनकर्णाबाईंनी पदराची गाठ सोडली, तिळाचे लाडू काढले आणि पोरांच्या हातावर एकेक ठेवत गेल्या. वस्तीतल्या पोरांच्या हातावर त्यांनी लाडू वरून सोडला. शेवटी गुरुजींपाशी आल्या. गुरुजींनी ओंजळ पुढं केली. लाडू वीतभर उंचीवरून ओंजळीत पडला.

"गोड बोलजा," त्या म्हणाल्या, आणि गेल्या.

खोली देत नाही असं पाटील कधीच म्हणाले नाहीत. संक्रांतीनंतर दोन दिवसांनी त्या खोलीत ढेपेची पोती भरली. गुराढोरांना चारा कमी पडणार, असं त्यांनी गुरुजींना दारावरून जाताना सांगितलं, आणि गुरुजी म्हणाले, असं का, बरं. हिवऱ्याला दुसरा निरोप गेला. पंचफुलाबाई आल्या नाहीत. जूनमध्ये बेबीचं नाव हिवऱ्याच्या शाळेत लागलं. खुंटीवरची पाटी पहिलीत आलेल्या एका पोराला मिळाली.

सोजरा भोगीनंतर आठवडाभर शाळेत आली नाही. गुरुजी स्वतः वस्तीत जाऊन तिला घेऊन आले. तिच्या बापाला काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही. शनिवारी तिनं सारवण्याला हात लावला नाही, कोपऱ्यात बसून राहिली. तेव्हा गुरुजींनी तिच्या पुढ्यात शेणाची बादली आणून ठेवली आणि ते फळ्यावर सुविचार लिहायला निघून गेले.

जास्तीचा पाढा पुन्हा सुरू झाला. आता तर पावणेदोनकीसुद्धा.

पुढच्या डिसेंबरात मी गावात नव्हतो. पाचवीसाठी जळगाव जामोदला मामाकडं गेलो होतो. सुटीत आलो तेव्हा शाळेत डोकावलो. कवडसा होता, रेघ होती. या वेळी गुरुजींनी चुना वापरला नव्हता. उंबऱ्याच्या अलीकडं, जिथं कवडसा थांबतो तिथं, ओढ्यातला एक पांढरा गोटा भुईत बसवला होता, वरून कितीही सारवलं तरी निघणार नाही असा. ते दारात उंबऱ्यावर बसले होते, गोट्याच्या पलीकडं. मला म्हणाले, बस. भर दुपार होईपर्यंत आम्ही दोघं बसलो. कवडसा गोट्यावर आला, थोडा वेळ राहिला आणि निघाला. सुटी होती, "लागला" म्हणायला कुणी नव्हतं. मीही म्हटलं नाही.

गुरुजी आमच्या गावात आणखी सहा वर्षं होते, त्याच खोलीत.

त्यानंतर त्यांची माझी गाठ पडली ती वीस वर्षांनी, वडनेर भोलजीला. माझी तिथल्या शाखेत बदली झाली होती आणि ते तिथूनच निवृत्त होऊन भाड्याच्या घरात राहत होते. एक दिवस काउंटरपलीकडून तो हळू आवाज आला आणि मी मान वर केली. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. दार रस्त्याकडं होतं. पंचफुलाबाई दोन वर्षांपूर्वी वारल्या होत्या. शेवटच्या नोकरीच्या गावी तेवढी पाच-सहा वर्षं दोघं एका घरात राहिली. बेबी अकोल्याला दवाखान्यात नर्स होती. तिच्याबद्दल सांगताना ते म्हणाले की ती लहान असताना मी दिवाळीला घरी गेलो की ती आईला विचारायची, पाहुणे कधी जातात. हे त्यांनी हसत सांगितलं. मग उठून चहाचं आधण ठेवलं.

मी त्यांना एक बातमी दिली. आमच्या बँकेत खातं असलेल्या भूगोलाच्या एका प्राध्यापकांना मी मनकर्णाबाईंचा तो जुना सवाल विचारला होता. त्यांनी सांगितलं होतं की त्या दिवसांत घड्याळाच्या हिशेबानं भर दुपारच रोज थोडी थोडी पुढं सरकत असते. म्हणून दिवस वाढू लागला तरी तो वाढतो संध्याकाळच्या बाजूनं, आणि सकाळ आपल्या भागात साधारण संक्रांतीपर्यंत उशिरानंच होत राहते. कवडसाही खरा होता आणि जातंही.

गुरुजींनी मला ते दोनदा सांगायला लावलं. चहा निवून गेला. "म्हणजे तिचंही बरोबर होतं," ते म्हणाले. "आजीला सांगायला पाहिजे होतं हे. आहे का ती?"

ती जाऊन पंधरा वर्षं झाली होती. पाटीलही नव्हते.

मग मी जे विचारायला आलो होतो ते विचारलं. त्या दिवशी दोन शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं? ते म्हणाले, किल्लीची दोरी मलाही दिसत होती. मी बोलणारच होतो. तोंड उघडलं तेव्हा दुसरं काहीतरी बोलायचं होतं. पण तुम्ही सगळे तिथं बोटं ठेवून बसला होता, ओल्या भुईवर, कुणी इथं, कुणी तिथं. पाहिलेलं होतं म्हणून तर ठेवली होती ना बोटं.

बाहेर रस्त्यावरून एक बैलगाडी गेली.

मग गुरुजी शाळेबद्दल विचारू लागले. मी खरं ते सांगितलं. शाळेला स्लॅब पडला आहे, खाली शहाबादी फरशी बसवली आहे, आतली खोली पाडून वर्ग मोठा केला आहे. कवडसा येत नाही. गोटा फरशीच्या खाली गेला असेल.

"म्हणजे आता सारवावं लागत नाही," गुरुजी म्हणाले.

मी निघालो. ते दारापर्यंत आले. चप्पल घालत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "ती सोजरा कुठं असते? तिला नंतर कुणी बोललं तर नाही ना त्यावरून?"

मी म्हणालो, शेगावकडं दिली आहे, बरं चाललं आहे, आणि बोललं कुणीच नाही.

"बोलण्यासारखं नव्हतंच काही," ते म्हणाले. "फार चांगलं सारवलं होतं तिनं."

सडकेवरच्या वळणापाशी मी मागं पाहिलं. ते उंबऱ्यावर बसले होते. कंदील त्यांनी अजून लावला नव्हता.